निळ्या पाण्यातून चंद्री

गाईला पाय असतात, हे माणसांना सांगावं लागतं. हसू नका, खरंच सांगते. दूध, शेण, शिंगं, शेपूट सगळं सगळ्यांना ठाऊक. गोठ्यात शिरलं की मालक मला थेट कासेकडे नेणार. मी मात्र पदर खोचून आधी खाली वाकणार आणि खूर बघणार. मग ठरलेला प्रश्न यायचा, "बाई, दूध कमी झालंय. पायाचं काय बघत बसलात?" अहो, पाय दुखतोय म्हणून ती धड उभी राहत नाही. उभी राहत नाही म्हणून गव्हाणीपाशी जात नाही, जात नाही म्हणून खात नाही, आणि खात नाही तर दूध काय तुमच्या बादलीतून काढणार? हे मी नोकरीत इतक्या वेळा ऐकवलंय की माझा नवराही ते झोपेतून उठून म्हणून दाखवील.

मी गुरांची डॉक्टर. ऐंशीच्या दशकात मुलुंड, नाहूर, भांडुप हा माझा पट्टा होता. तेव्हा बाई माणूस या धंद्यात म्हणजे बघ्यांची गर्दी. साडी गुडघ्याच्या जरा खाली, त्याखाली काळे गमबूट आणि खांद्याला औषधांची पिशवी, असं माझं ध्यान असायचं. लग्नाआधी बघायला आलेल्या एका मुलाच्या आईने विचारलं होतं, "डॉक्टर म्हणजे बायकांच्या का मुलांच्या?" मी म्हटलं, "म्हशींच्या." चहाही न संपवता उठली मंडळी. असो, सुटले.

आज जिथे उंच इमारतींच्या खाली गाड्या उभ्या असतात, तिथे तेव्हा तबेले होते, हे आता कोणाला पटत नाही. बहुतेक तबेले म्हशींचे. गाईंचे गोठे मोजकेच, पण त्यांना गिऱ्हाईक पक्कं. नव्या वसाहतींतली मंडळी संध्याकाळी स्टीलच्या कड्या, म्हणजे मुठीचे डबे, घेऊन येत, रांगेत उभी राहत आणि डोळ्यांसमोर काढलेलं दूध घेऊन जात. तान्ह्या मुलाला गाईचंच दूध हवं, आणि तेही एकाच गाईचं, असा हट्ट असे. त्या रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला गाईंतलं माझ्यापेक्षा जास्त कळत असे.

नाहूरला परबांचा असा नऊ गाईंचा गोठा होता. परब मूळचे मालवणकडचे. वीस वर्षं गिरणीत रंगखात्यात काढलेली. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी कोणी भाजीची गाडी लावली, कोणी रखवाली धरली, कोणी गावाला परत गेले. परबांनी मेव्हण्याच्या मोकळ्या जागेत दोन गाई बांधल्या आणि हळूहळू नऊ केल्या. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. बोटांच्या पेरांत अजून गिरणीतला रंग मुरलेला होता, काही केल्या जात नव्हता. त्यांची बायको, तिला सगळे वहिनीच म्हणत, ती मात्र बोलकी. गिऱ्हाइकांना सांभाळायचं काम तिचं.

नऊ गाईंत चंद्री पहिली. कपाळावर पांढरा ठिपका, स्वभावाने थोरल्या जावेसारखी. ती चालली की बाकीच्या आठ मागून चालणार, ती थांबली की सगळ्या थांबणार. परब एरवी चार शब्द बोलायचे, त्यातले तीन चंद्रीशी.

त्या पावसाळ्यात परबांच्या गाई एकेक करून लंगडायला लागल्या. लाळ-खुरकुताची साथ नव्हती, तोंडं स्वच्छ होती, ताप नव्हता. मी खूर उचलून बघितला आणि वासावरूनच ओळखलं. मुंबईतल्या गोठ्यात जनावर दिवसभर एका जागी बांधलेलं, पायाखाली शेण-मूत आणि वरून पावसाची ओल. दोन खुरांमधल्या बेचकीतली कातडी भिजून पांढरी पडते, मग चिरते, आणि चिरेतून घाण आत जाऊन सडायला लागतं. एकीचं झालं की जमिनीतून दुसरीला लागतं. प्रत्येकीचा पाय रोज धरून मलम लावायचं म्हटलं तर सहा महिने तेच करत बसा, आणि लाथा खा त्या वेगळ्या.

त्यावर उपाय म्हणजे पायांचं टाकं. गाईंच्या येण्याजाण्याच्या वाटेत सिमेंटचं लांबट, उथळ टाकं बांधायचं. त्यात मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या निळ्या खड्यांचं, पाणी, शंभर लिटरला पाच किलो. चार बोटं खोल, म्हणजे खूर पूर्ण बुडला पाहिजे. लांबी अशी की प्रत्येक पाय निदान दोनदा आत पडेल. दूध काढून झालं, पाणी पिऊन झालं, की मगच गाईंना त्यातून चालवायचं. तहानलेली गाय तेच प्यायला जाते आणि मोरचूद म्हणजे विष. पाणी मळलं की बदलायचं. झालं, एवढंच शास्त्र. भांडुपच्या एका तबेल्यात मी असं टाकं बांधून घेतलं तर पहिल्याच म्हशीने आखडून उडी मारली आणि टाक्याला न शिवता पार गेली. मागच्या बाविसांनी तेच केलं. गवळी म्हणाला, "डॉक्टरनी, इलाज झकास है, बस भैंस को पसंद नहीं."

परबांना मोरचूद नवीन नव्हतं. कोकणात सुपारीवर फवारतात, त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर तेच केलेलं. त्यांनी स्वतःच्या हाताने दोन दिवसांत टाकं बांधलं, इतकं सुरेख की त्यात मी पाय घातले असते. मी मोरचूद मोजून विरघळवलं. पाणी असं निळं झालं की रांगेतली मंडळी कड्या घेऊन बघायला आली. लोखंडी बादली का चालणार नाही हे दाखवायला मी एक घासलेला खिळा आत धरला आणि मिनिटभराने बाहेर काढला, तर तो तांब्यासारखा लाल. रांगेत "अरे वा" झालं. मला जरा चढलंच, खोटं कशाला बोलू.

त्या भरात मी ती गोष्ट केली. औषधाची एक रिकामी बाटली घेतली, त्या निळ्या पाण्याने भरली, बूच लावलं आणि परबांच्या हातात दिली. म्हटलं, "परब, तुम्ही रंगखात्यातले ना? मग तुम्हाला सोपं आहे. पाणी या बाटलीसारखं निळं ठेवायचं. शेड उतरू द्यायची नाही. बाकी काही बघू नका."

शेड म्हणजे रंगाची छटा. गिरणीत परबांचं कामच ते होतं, नमुन्याची चिंधी उजेडात धरायची आणि हजार वार कापड त्या शेडला आणायचं. माझं वाक्य ऐकून तो माणूस एकदम ताठ उभा राहिला. बाटली दोन्ही हातांनी घेतली, उजेडात धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "राहील बाई. तसूभर हलणार नाही."

पुढचे दोन महिने मी दर आठवड्याला जात होते. पाणी नेहमी निळं. परब काठी घेऊन ढवळत उभे, शेजारी कट्ट्यावर माझी बाटली. मी लांबूनच बघायची, शाबास म्हणायची. पण गाई काही सुधरेनात. आणि चंद्रीचं तर बिघडतच चाललं. मागचा डावा पाय ती टेकेचना. तिच्या मागच्या आठ जणी दारातच अडायला लागल्या. मी तिच्या खुराला पट्टी बांधायची, इंजेक्शन द्यायची, औषध बदलायची, पुस्तकं उघडायची. माझे हात टेकले होते, पण टाक्याकडे माझं बोट गेलं नाही. ते तर निळं होतं ना!

एका संध्याकाळी दूध चालू होतं, रांग लागली होती. रांगेत पहिले नेहमीप्रमाणे देवस्थळी. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, नातवासाठी अर्धा लिटर घेणारे आणि दर संध्याकाळी काहीतरी खोट काढणारे गृहस्थ. मी टाक्याच्या काठाशी बसून चंद्रीचा खूर तासत होते. तिने झटका दिला आणि माझी खूर तासायची सुरी उडून टाक्यात पडली. चंद्रीला आवरून, पट्टी बांधून, दहाएक मिनिटांनी मी सुरी बाहेर काढली.

सुरी लख्ख. लोखंडाचं पातं जसंच्या तसं चमकत होतं, लाल व्हायचं नाव नाही.

मी पाण्यात बोट घातलं आणि पदराला पुसलं. पदरावर निळा डाग आला. नीळ! पांढऱ्या कपड्यांना घालतात ती नीळ. दोन महिने माझ्या गाई कपडे धुवायच्या निळीतून चालत होत्या!

माझं डोकं फिरलं. माझा राग वाईट, घरात सगळ्यांना माहीत आहे. सगळ्या रांगेसमोर मी ओरडले, "परब, हे काय आहे? नीळ टाकता? मुक्या जनावराशी लबाडी करता? तुमच्यासारख्या लबाड माणसाला मी डॉक्टर म्हणून भेटले हेच माझं चुकलं."

परबांनी काठी खाली ठेवली. रांगेत देवस्थळी म्हणाले, "म्हणजे इथे पाण्यात काहीतरी मिसळतात तर. मग दुधात काय मिसळत असतील?" आणि रिकामी कडी घेऊन चालू लागले. त्यांच्या मागून एक बाई गेली, मग आणखी दोघी. पाच मिनिटांत रांग संपली. वहिनी भरलेली बादली घेऊन तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडतेय तो वहिनी पायरीवर बसलेली. हातातल्या पिशवीतून तिने दोन बाटल्या काढल्या आणि माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"बाई, रागावू नकात. ह्यातली तुमची खयची आणि आमच्या टाक्यातली खयची, ता सांगा."

मी बघितलं. खिडकीशी नेऊन बघितलं. चष्मा पुसून बघितलं. मला सांगता येईना.

"बघलास?" वहिनी म्हणाली. "मोरचूद संपला तेव्हा दुकानात मिळाक नाय. मगे तेंनी नीळ घातल्यानी. नुसती नीळ जांभळी मारता म्हणान, तेवढ्याक शेणाचो पिवळेपणा चलता, असा तेंचा गणित. खाली बसता म्हणान दिसभर काठी घेवन ढवळीत रवले. तुमीच सांगलास ना, शेड ठेवा, बाकी काय बघू नकात म्हणान? लबाड नाय ओ तो माणूस. तुमी सांगलास तसाच केल्यानी."

मी खाली बसले. मोरचूद औषध आहे, रंग ही फक्त त्याची खूण आहे, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मापं माझ्याकडे होती, खिळ्याची परीक्षा माझ्याकडे होती, आणि मी त्यांच्या हातात काय दिलं, तर शेड. वीस वर्षं शेड हीच ज्याची भाकरी होती त्या माणसाला! तो दुसरं काय करणार होता?

"आता?" मी विचारलं.

"आता काय? संध्याकाळी दलाल येतलो. चंद्रीक घेवन जातलो. लंगडी गाय तो कित्याक नेता ता तुमका माहीत आसा. बाकीचीं पण इकूची आणि गावाक जावचा म्हणतत. काल रातीक जेवक नाय. म्हणतत, गिरणीत बारा सायबांनी शेड बघल्यानी, कोणी लबाड म्हणाक नाय."

दवाखान्याला कुलूप लावून मी तिच्याबरोबर निघाले. गोठ्यात परब चंद्रीच्या मानेवर हात ठेवून उभे होते. माझ्याकडे बघितलं नाही.

"परब, माझं चुकलं," मी म्हटलं. "शेड ठेवा म्हणणारी मी. शिवी तुम्हाला कशाला?"

चंद्रीकडेच बघत ते म्हणाले, "बाई, बोललात ते सगळ्यांसमोर."

त्याचा अर्थ मला कळला. माफी मागायची तर तीही सगळ्यांसमोर. आणि इथे मी कच खाल्ली. अहो, कालच्या रांगेत माझी केवढी ऐट होती! मी विषय बदलला. म्हटलं, "दलालाला परत पाठवा. दिवाळीपर्यंत मला वेळ द्या. चंद्री चारी पायांवर चालली नाही तर मी अडवणार नाही." परब "बरं" म्हणाले. माझ्यावर विश्वास होता म्हणून नव्हे. चंद्रीला आणखी दीड महिना मिळत होता म्हणून.

टाकं रिकामं केलं. ते पाणी आम्ही गटारात सोडलं, आणि पुढे मोरचुदाचंही सोडत राहिलो. आज कोणाला असं करू देणार नाही, पण तेव्हा अक्कल नव्हती. मी घाटकोपरहून मोरचूद आणलं, तागडीत मोजून दाखवलं, पाण्याची बादली मोजून दाखवली. टाक्याशेजारी सुतळीला एक खिळा बांधला. रोज घासायचा, बुडवायचा, लाल झाला तर ठीक. रंगाकडे बघायचं नाही.

परबांनी सगळं ऐकून घेतलं. मग खाली मान घालून म्हणाले, "बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"मळकं कापड कोणी रंगात टाकतं का? आमच्यात आधी धुवून काढतात, मग रंग. नाहीतर सगळा रंग मळच खातो. ह्या गाई तर शेणाच्या पायांनीच आत शिरतात."

हे माझ्या पुस्तकात होतं. आधी साध्या पाण्याचं टाकं, मग औषधाचं. शेण औषधाचा दम खातं. परीक्षेत मी हे लिहून मार्क घेतले होते. पण नऊ गाईंना दोन टाकी कशाला, असा आळस करून मी ते गाळलं होतं. आणि हा रंगखात्यातला माणूस पहिल्या दिवसापासून ते जाणत होता. विचारलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही डॉक्टर. म्हणालात, बाकी काही बघू नका."

माझंच वाक्य परत माझ्या अंगावर आलं. काय करणार, ऐकून घेतलं.

आठ दिवसांत पुढचं साध्या पाण्याचं टाकं झालं. मधे चार फूट कोरडी फरशी. चंद्रीला एवढं चालवेना, म्हणून तिच्यासाठी प्लॅस्टिकच्या टबात वेगळं मोरचुदाचं पाणी. टाकं म्हणजे जादू नव्हे. आत खोल गेलेलं सडणं टाक्याने बरं होत नाही. ते तासून, धुवून, बांधूनच काढावं लागतं. परब सकाळ-संध्याकाळ तिचा पाय मांडीवर घेऊन बसायचे. एवढी तापट गाय, पण त्यांना एक लाथ मारली नाही. मला मात्र तीन मारल्या. त्यातली एक अजून थंडीत आठवण देते.

गिऱ्हाईक मात्र परत येईना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी देवस्थळी आले, कडी पाठीमागे लपवून. "नातवाला दुसरं दूध पचत नाही," एवढंच म्हणाले. मग खिळा बघितला, काय आहे विचारलं आणि तेव्हापासून रोज स्वतः बुडवून बघायला लागले. लाल झाला की "ठीक" म्हणायचे आणि मगच दूध घ्यायचे. खिळ्याचा दुधाशी काही संबंध नाही हे मी दोनदा समजावलं, मग सोडून दिलं. पण ते येताना दिसले म्हणून आणखी दोघं आले, मग पाच. दसऱ्यापर्यंत रांग निम्म्यावर आली. उरलेल्या आठी गाई बऱ्या झाल्या. चंद्री पाय टेकायला लागली होती, पण भार देत नव्हती.

वसुबारस आली. वर्षातून एकच दिवस असा असतो की लोकांना गाईचे पाय आठवतात. वसाहतीतल्या बायका तबकं घेऊन गाय-वासराची पूजा करायला येणार आणि पायांवर पाणी घालणार. वहिनीने सारवलं होतं, रांगोळी काढली होती. गेल्या दीड महिन्यात न फिरकलेल्या बायकाही त्या दिवशी आल्या, कारण मुलुंड-नाहूरला गाय दुसरीकडे शोधायची कुठे? देवस्थळी कडी घेऊन पहिले. मी गमबूट घालून टाक्याच्या काठाशी उभी.

परबांनी चंद्रीला सोडलं आणि दोरी हातात न धरता बाजूला झाले. मागे तिचं वासरू, त्यामागे आठ जणी. चंद्री साध्या पाण्यात शिरली, शेण धुतलं गेलं. कोरड्या फरशीवर थांबली. सगळ्या थांबल्या. मग ती निळ्या पाण्यात उतरली. उजवा, डावा, मागचा उजवा. मागचा डावा तिने उचलला आणि तसाच धरून ठेवला. परबांनी चक्क पाठ फिरवली, त्यांना बघवेना.

आणि चंद्रीने पाय टेकला. पूर्ण टेकला, भार दिला आणि पुढची चारी पावलं सरळ टाकून पलीकडे बाहेर आली. शेपटी उडवून निळ्या पाण्याचे शिंतोडे देवस्थळींच्या सदऱ्यावर टाकले आणि थेट वहिनीच्या रांगोळीत जाऊन उभी राहिली.

बायका पुढे झाल्या, चंद्रीच्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, हे मला कळलं. मी मोठ्याने म्हटलं, "जरा ऐका सगळे. दीड महिन्यापूर्वी मी इथे परबांना लबाड म्हटलं होतं. ते खोटं होतं. मी त्यांना रंग सांभाळा म्हणून सांगितलं, औषध सांभाळा म्हणून सांगितलं नाही. त्यांनी मी सांगितलं तेच केलं. चूक माझी होती. आणि आज चंद्री चालली ती त्यांनी सुचवलेल्या दुसऱ्या टाक्यामुळे, माझ्यामुळे नाही."

देवस्थळी सदरा झटकत म्हणाले, "तेव्हाच सांगायचं होतंत हो. मी सहा आठवडे खिळे बुडवतोय!" सगळे हसले. माझे डोळे मात्र भरले होते, आणि ते लपवायला मी उगाच वाकून चंद्रीचा खूर बघितला.

परब अजून पाठ करूनच उभे होते. मग हळूच वळले आणि माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. कट्ट्यावरची ती माझी जुनी बाटली त्यांनी उचलली, उजेडात धरली, एक डोळा मिटला आणि फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू विचारलं,

"पण बाई, शेड जमली होती ना?"

"हुबेहूब," मी म्हटलं. "परब, मला स्वतःला ओळखता आली नाही."

गिरणी बंद झाल्यापासून हा माणूस हसला नव्हता, असं वहिनी सांगायची. त्या संध्याकाळी रंगलेल्या पेरांनी बाटलीचं बूच घट्ट करत तो हसला.